सफरचंदं स्वस्त झालीत, काय गोड करताय? (ओव्हन नसलेल्यांचा धागा)

गूळवेडी

दसरा झाला, सोनं लुटून झालं, आता कोजागरीची तयारी. दुपारचं ऊन असं की गच्चीवरचे कपडे तासाभरात कडक वाळतात, आणि पहाटे मात्र पायानं पांघरूण चाचपायला लागतंय. मध्येच संध्याकाळी गडगडतं, परतीचा पाऊस झोडपून जातो आणि पुन्हा आभाळ लख्ख. कोल्हापुरातला शरद हा असा. लाल-पिवळी पानगळ आपल्या वाट्याला नाही. उलट मसाई पठारावर अजून फुलं आहेत आणि ऊस डोक्याच्या वर गेलाय.

पण या दिवसांतली एक चैन आपल्यालाही आहे. कपिलतीर्थ मंडईपासून राजारामपुरीपर्यंत जिथं बघाल तिथं गाड्यांवर सफरचंदांचे ढीग. एवढी ताजी आणि एवढी स्वस्त वर्षभरात परत मिळत नाहीत. आणि आपण त्यांचं करतो काय? उपवासाला चिरून खातो, नाहीतर पिशवीत घालून दवाखान्यात पेशंटच्या उशाशी ठेवून येतो. शिजवायचं नाव काढलं की "ते केक-पाय वगैरे ना? आमच्याकडे ओव्हन नाही बाई" असं उत्तर ठरलेलं.

ओव्हन लागत नाही. तवा लागतो. मी करते ते सांगते, मग तुमचं येऊ दे.

दोन मध्यम सफरचंदं. साल ठेवा, बिया आणि मधला कडक भाग काढून बोटाएवढ्या जाड फोडी करा. पातळ केल्या तर लगदा होतो. बिडाचा तवा असेल तर उत्तम, नसेल तर जाड बुडाचं काहीही. दोन चमचे तूप तापवून फोडी एका थरात लावायच्या, चिरलेली बाजू खाली, आणि मग हात बांधून उभं राहायचं. ढवळायचं नाही. आधी पाणी सुटून मोठ्यानं चुरचुरतं, मग तो आवाज बारीक होत जातो. तेव्हा उचलून बघा, कडा बदामी झालेल्या असतील. उलटा. दुसरी बाजू मऊ झाली की गॅस बारीक करून दोन चमचे किसलेला गूळ, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ. गूळ शेवटीच. आधी घातला तर तो करपून कडू होतो आणि फळ कच्चं राहतं. गुळाला फेस आला की अर्धं लिंबू पिळायचं, गॅस बंद.

गूळ सध्या गेल्या हंगामाचाच मिळणार, नवी गुऱ्हाळं दिवाळीच्या आसपास पेटतील. पावसाळ्यात गूळ पाझरतो, रंग उतरतो, म्हणून लोक नाकं मुरडतात. या पदार्थाला मात्र तोच बरा. काकवीकडे झुकलेली त्याची चव तुपात छान लागते.

फोटो नाही, त्यामुळे पाककृती फाऊल धरली जाणार हे माहीत आहे. ताटली माझ्या हातात यायच्या आत रिकामी झाली.

तांबडापांढरा

मी पयला!

कोल्हापूरकरानं धागा काढावा आणि तोही गोडाचा? असू दे, वाचालोय. फक्त एक शंका हाय ताई. सफरचंद शिजवलं की बेचव होतंय. आईनं मागं एकदा हलवा केलता, नुसती साखर लागत होती. फळाची चव कुठं गेली कोण जाणे.

गूळवेडी

@तांबडापांढरा, फळाची चव गेली नाही, मुळात आंबटपणाच कमी होता. आपल्याकडे जे लाल, गोड, खाली पाच बोंडं असलेलं सफरचंद येतं ते डिलिशियस. कच्चं खायला झकास, पण आम्लता कमी असल्यानं शिजवलं की सपक होतं. म्हणून लिंबू आणि मीठ दोन्ही पाहिजेत. पिवळं गोल्डन डिलिशियस मिळालं तर ते घ्या, शिजवायला ते जास्त चांगलं. हिरवं ग्रॅनी स्मिथ आकार धरून राहतं आणि आंबटही असतं, पण ते बहुतेक परदेशातून आलेलं असतं, भाव बघून घ्या.

मामंजींची_सून

मस्त धागा. तोंडाला पाणी सुटलं. उद्याच करणार.

फळवाला_भाऊ

आमचं फळांचंच काम, मार्केट यार्डात पहाटे जाणं रोजचं. म्हणून चार गोष्टी सांगतो, गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही.

हिमाचलचा माल जुलैपासून सुरू होतो. आधी खालच्या उंचीवरचा, मग वर वर, आणि शेवटी किन्नौर. किन्नौरचं फळ उशिरा येतं, पण घट्ट आणि टिकाऊ. काश्मीरचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो नोव्हेंबरपर्यंत चालतो. म्हणजे ताईंनी धागा बरोबर वेळेला काढलाय. जम्मू-श्रीनगर महामार्ग दरड कोसळून बंद पडला की ट्रक तिथंच अडकतात, इथं कोल्हापुरात दोन-चार दिवसांत भाव हलतो, आणि रस्ता सुटला की सगळा माल एकदम येऊन पडतो. त्यात काही पेट्या मऊ पडलेल्या असतात. त्या स्वस्त सुटतात. खायला नको, शिजवायला घ्या.

डिलिशियस हे आपलं मूळचं नव्हे. सॅम्युएल स्टोक्स नावाचा अमेरिकन माणूस शिमल्याजवळ कोटगढला स्थायिक झाला, त्यानं १९१६ च्या सुमाराला ही कलमं तिथं लावली. पुढं तो सत्यानंद स्टोक्स झाला, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेला. काश्मीरचं अस्सल देशी म्हणजे अंबरी, पण ते इकडं नशिबानंच बघायला मिळतं.

एप्रिल-मे मध्ये तुम्ही जे देशी सफरचंद खाता ते मागच्या शरदातलंच असतं. सीए स्टोअर म्हणतात, तिथं शून्य अंशाच्या आसपास, ऑक्सिजन कमी करून ठेवतात, मग फळ श्वास हळू घेतं आणि महिनोन् महिने टिकतं. वाईट नसतं. पण आत्ताच्या फळाचा करकरीतपणा आणि वास त्यात नाही.

निवडताना रंगावर जाऊ नका. हातात जड लागलं पाहिजे, देठाजवळ दाबून बघा, बोट रुतलं तर आत पिठूळ. पेटी घेणार असाल तर वरचा थर बघून भुलू नका, खालून एक काढायला सांगा. हिमाचलात २०२४ पासून युनिव्हर्सल कार्टन सक्तीचं केलंय, त्यात साधारण २० किलो बसतं. आधीच्या खोक्यात ठासून तीस किलोपर्यंत भरायचे, त्यात खालची फळं दबायची.

काढाप्रेमी

धागा छान आहे, पण एक इशारा. शरद म्हणजे पित्ताचा काळ. पावसाळ्यात साठलेलं पित्त या उन्हानं खवळतं. 'वैद्यानां शारदी माता' उगाच म्हणत नाहीत, या दिवसांत वैद्यांची चंगळ असते. ऋतुचर्येत शरदाला गोड, कडू, तुरट चवी आणि तूप सांगितलंय, दही टाळायला सांगितलंय. सफरचंद गोड-तुरट आहे, तूप आहे, इथवर उत्तम. पण गूळ उष्ण. खडीसाखर घाला.

तांबडापांढरा

आता गुळावर घसरलात काय? कोल्हापुरात ऱ्हाऊन? आमच्या गुळाला २०१४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालाय, तो काय फक्त भिंतीवर लावायला?

गूळवेडी

काढाप्रेमी, तुमच्याच शास्त्राची साक्ष काढते. जुना गूळ पथ्याचा आणि नवा गूळ कफ करणारा, अग्नी मंद करणारा, असंच ना? मग माझा गेल्या हंगामाचा पाझरलेला गूळ पास व्हायला पाहिजे.

काढाप्रेमी

जुना गूळ पथ्याचा, मान्य. पाझरलेला गूळ जुना आणि ओला गूळ नुसता ओला, हा फरक असतो. हाय काय नाय काय, खा. लिंबू मात्र अर्ध्याचं पाव करा.

गंगावेसकर

माझा प्रश्न कोजागरीचा आहे. आमच्याकडे गच्चीवर वीसेक माणसं जमतात. दूध गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं, समोर धार काढून दिलेलं म्हशीचं. मसाला दुधात या वर्षी सफरचंद किसून घालायचं घरात चाललंय. बहीण म्हणते मस्त लागतं, आई म्हणते नासेल. निकाल द्या.

मामंजींची_सून

आई बरोबर.

सफरचंदात मॅलिक आम्ल असतं. थंड दुधात ते फारसं त्रास देत नाही, मिल्कशेक आपण पितोच. पण दूध उकळत असताना थोडंसंही आम्ल पडलं की दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होतं आणि तुमचं वीस माणसांचं दूध कट्ट्यावरून सरळ पनीरच्या फडक्यात. कोजागरीचं दूध गरमच प्यायचं, चांदण्यात ठेवून झालं की परत गरम करून वाटायचं. म्हणजे त्यात फळ नकोच. केशर, वेलदोडा, चारोळी, पिस्ते, बास.

सफरचंद घालायचंच असेल तर थंड बासुंदी करा, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला. आमच्या घरची पद्धत अशी. एक लिटर म्हशीचं दूध मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवायचं, कडेची साय खरवडून आत ढकलत राहायची. तीन-चार चमचे साखर घालून उतरवायचं आणि पूर्ण गार करायचं. दोन सफरचंदं साल काढून किसायची. किसलं की लगेच कढईत, नाहीतर काळं पडतं. एक चमचा तुपावर दोन चमचे साखर घालून परतायचं. आधी खूप पाणी सुटतं, घाबरायचं नाही. ते सगळं आटून कीस कढईच्या बुडाला चिकटायला लागला, डावेनं मधून रेघ ओढली आणि ती बुजली नाही, की झालं. हा कीसही पूर्ण गार करायचा. मग दोन्ही गार एकत्र. पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवायचं.

या बासुंदीत गूळ नको. गुळानंही गरम दूध फाटतं.

गंगावेसकर

निकाल घरात वाचून दाखवला. आईनं "मी काय सांगत होते" एवढंच म्हटलं, पण तीनदा म्हटलं. बहीण बासुंदीच्या पार्टीत गेली.

यॉर्कशायरची_कोल्हापूरकरीण

इथं इंग्लंडात बसून हा धागा वाचतेय आणि दूध कट्ट्याच्या उल्लेखानं कासावीस झाले.

इथला ऑक्टोबर तुम्हाला हवा तसा आहे, पानगळ, धुकं, रोज थोडं लवकर अंधारायला लागणारं आभाळ. शेजारच्या आजींच्या परसात सफरचंदाचं झाड आहे, खाली फळांचा सडा पडतो आणि त्या फाटकाबाहेर टोपली ठेवून देतात, ज्याला पाहिजे त्यानं न्यावी. ते सफरचंद नुसतं खाल्लं तर दात आंबतात. ब्रॅम्ली म्हणतात त्याला, फक्त शिजवायचं सफरचंद. १८०९ मध्ये नॉटिंगहॅमशायरातल्या साउथवेल गावात मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं बी पेरलं, त्याचं झाड झालं. नाव मात्र पुढं ते घर विकत घेणाऱ्या ब्रॅम्ली नावाच्या खाटकाचं लागलं. जगाची रीत.

त्याचं इथं करतात क्रंबल. पाय करायची तर कणीक लाटणं, लोणी भरपूर, उठाठेव भरपूर. दुसऱ्या महायुद्धात लोणी-साखरेवर रेशनिंग आलं तेव्हा पायऐवजी क्रंबल घरोघरी रुळलं, कारण वरचा थर नुसता भुरभुरायचा असतो, आणि लोणी कमी पडलं तरी भागतं. वजनाला दोन भाग पीठ, एक भाग लोणी, एक भाग साखर. बोटांच्या टोकांनी चोळून रवाळ करायचं, तळहात लावायचा नाही, लोणी वितळतं. खाली सफरचंदाच्या फोडी, थोडी साखर, दालचिनी, वर हा चुरा, १८० अंशावर पस्तीस-चाळीस मिनिटं. वर गरम कस्टर्ड. फ्रूट सॅलडवालं थंड कस्टर्ड नाही, गरम आणि पातळ, ओतायचं.

पण हा ओव्हन नसलेल्यांचा धागा आहे, त्यामुळे मी आले पाहुणीसारखी आणि चालले.

चटणीभाकर

@यॉर्कशायर, चालले काय, बसा. तुमचं क्रंबल कढईत बसवतो बघा.

दोन थर वेगवेगळे करायचे, एवढीच युक्ती. कणीक जाडसर, लाडवाची असती ती. एक वाटी कणीक तुपावर खमंग भाजायची, लाडवाला भाजतो त्याच्या अलीकडं थांबायचं. त्यात अर्धी वाटी शेंगदाण्याचा जाड कूट, चिमूटभर मीठ. उतरवून कोमट झाली की चार चमचे किसलेला गूळ चोळायचा. गरम असताना गूळ घातला तर विरघळून गोळा होतो, चुरा राहत नाही. गार झाला की कुरकुरीत रवाळ चुरा मिळतो, डब्यात आठवडाभर टिकतो.

सफरचंद वेगळं, दोन चमचे पाणी, लवंग, झाकण ठेवून मऊ शिजवायचं. वाटीत खाली गरम सफरचंद, वर चुरा, खायच्या क्षणी घालायचा. आधी घालून ठेवलात तर खाली खीर, वर चिखल.

कस्टर्डच्या जागी साय. म्हशीच्या दुधाची, सकाळची.

यॉर्कशायरची_कोल्हापूरकरीण

शेंगदाण्याचा कूट! इथं ही आयडिया एकाही बाईला सुचलेली नाही. पण खरं सांगू, ओव्हनमध्ये भाजताना क्रंबलला कडेनं जो रस उकळून वर येतो आणि चुऱ्यात शिरून चिकट होतो, तो भाग कढईत येणार नाही. तो भागच तर आम्ही चमच्यानं खरवडून खातो.

चटणीभाकर

तो नाही येणार. त्याला आमचा इलाज नाही. साय घ्या.

हॉस्टेलवाली

सगळ्यांच्या पाककृतीत बिडाचा तवा, कढई, डाव. माझ्याकडे राजारामपुरीतल्या खोलीत एक इंडक्शन, एक तीन लिटरचा कुकर आणि एक चमचा. तूप आईनं दिलेलं आहे. रूममेटचा वाढदिवस आहे. काही जमेल का?

गूळवेडी

जमेल, आणि दिसायला सगळ्यात भारी होईल.

दोन घट्ट सफरचंदं घे, बुटकी असली तर बरं, उभी राहतात. वरून देठाच्या बाजूनं चाकूच्या टोकानं आणि चमच्यानं गाभा कोरून काढ, पण तळ फोडू नकोस, विहीर झाली पाहिजे. आता एक काम विसरू नकोस: फळाच्या कमरेला चाकूनं सालीवर एक बारीक रेघ गोल फिरव. आतली वाफ बाहेर पडायला ही वाट. नाही केलीस तर साल कुठंही फाटते आणि सगळं बसकण मारतं.

विहिरीत चिरलेला खजूर, अक्रोड नसला तर शेंगदाणे, बेदाणे, अर्धा चमचा तूप ठासून भर. खजूर असल्यामुळे साखर नको. प्रत्येक फळ एका स्टीलच्या वाटीत. कुकरमध्ये दोन इंच पाणी, खाली जाळी, नसेल तर उलटी ताटली, त्यावर वाट्या. झाकण लाव, शिट्टी काढून ठेव. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटांनी बघ, सुरी सहज गेली पाहिजे पण फळ उभं राहिलं पाहिजे. वाटीत जो रस उतरतो तो टाकू नकोस, वरून ओत. मेणबत्ती खजुरात छान रोवली जाते.

फळवाला_भाऊ

हिला किन्नौरचं द्या. डिलिशियस पिकलेलं असलं तर कुकरात बसकण मारतं.

हॉस्टेलवाली

किन्नौर असं मागितलं तर गाडीवाल्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, घरात फळांचा धंदा हाय काय. केलं! रेघ मारली होती तरी एकाची साल जरा सुटली, पण ते मीच खाल्लं. रूममेटला उभं राहिलेलं दिलं. खरंच मेणबत्ती रोवली जाते.

राधानगरीचं_पाणी

अवांतर विचारतो. आमचं रान राधानगरीकडं आहे, हवा थंड. दोन-चार सफरचंदाची झाडं लावली तर येतील का? हल्ली व्हिडिओत लोक महाराष्ट्रात सफरचंद आल्याचं दाखवतात.

फळवाला_भाऊ

डिलिशियस येणार नाही. त्याला हिवाळ्यात सात अंशाच्या खालची थंडी तासांच्या हिशोबात लागते, हजार तासांच्या आसपास. तेवढी विश्रांती मिळाली नाही तर कळी नीट फुटत नाही. आपल्याकडं जानेवारीतसुद्धा पारा दहाच्या खाली क्वचित.

व्हिडिओत दाखवतात ती बहुतेक एचआरएमएन-९९. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा या शेतकऱ्यानं निवडलेला कमी थंडीचा वाण, त्यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली. सपाटीवर येतो आणि जूनमध्ये पिकतो. म्हणजे आंबा संपता संपता आणि पहिल्या पावसात. राधानगरीचा जूनचा पाऊस तुम्ही मला सांगायला नको. हौस म्हणून दोन झाडं लावा, धंदा म्हणून नको.

राधानगरीचं_पाणी

हौसच. आभार भाऊ.

मामंजींची_सून

सत्यनारायणाच्या शिऱ्यात केळं घालतो तसं सफरचंद घातलं तर? कार्तिकात पूजा आहे, आणि आमच्या सासूबाईंना केळं चालत नाही, खोकला होतो.

चटणीभाकर

प्रसादाला केळंच, त्यात हात घालू नका, गुरुजी काय म्हणतील तो वेगळा विषय. पण घरी खायला जरूर. एक वाटी रवा पाऊण वाटी तुपावर गुलाबी भाजायचा. सफरचंदाचा कीस एक वाटी, वर तुम्ही बासुंदीला सांगितला तसाच आधी वेगळा आटवायचा. मग रव्यावर दोन वाट्या उकळतं पाणी, वाफ आली की कीस आणि पाऊण वाटी साखर. दूध घालायचा मोह आवरा, वरचीच भानगड. नुसत्या पाण्यावर शिरा मोकळा आणि फळाचा वास स्पष्ट येतो.

कच्चा कीस थेट घातला तर शिरा गिचका होतो, कारण पाणी किती सुटेल याचा अंदाज लागत नाही.

काढाप्रेमी

पाऊण वाटी तूप?

चटणीभाकर

शरदात तूप सांगितलंय, तुम्हीच म्हणाला.

गूळवेडी

धागा वर काढतेय. दिवाळी झाली. गुऱ्हाळं सुरू झालीत, नवा गूळ बाजारात आलाय, पिवळाधमक. अंबाबाईच्या किरणोत्सवासाठी लोक येतील, घरात पाहुणे येतील, आणि डब्याच्या तळाला फराळाचा चुरा उरलेला असेलच.

चटणीभाकर यांच्या कढई-क्रंबलला हा माझा झब्बू. उरलेली शंकरपाळी लाटण्यानं जाडसर कुटा. खुसखुशीत शंकरपाळीत मैदा, तूप, साखर सगळं आधीच आहे, हिशोब तोच. लवंग घालून शिजवलेल्या सफरचंदावर भुरभुरा. चिरोट्याचा चुरा त्याहून चांगला, पापुद्रे कुरकुरीत राहतात. चकलीचा चुरा घालू नका. आमच्याकडे एकानं घातला आणि चांगलं लागतं असा त्याचा दावा आहे, पण तो सगळ्यावरच चकली घालतो.

तांबडापांढरा

चकलीवाल्याला माझा पाठिंबा. गोडावर थोडं तिखट पाहिजेच.

आईनं तुमची तव्यावरची केली ताई. लिंबू पिळल्यावर म्हणाली आत्ता कळलं. आता पेटीच सांगितलीया. एवढी ठेवायची कशी पण?

फळवाला_भाऊ

खोक्यात राहू देऊ नका. दबलेली आधी बाजूला काढा, ती पहिल्यांदा शिजवायची. एक सडलं की शेजारची धरतात. बाकीची एकेक कागदात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, जागा नसेल तर घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, फरशीवर. केळ्यांपासून लांब. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो, त्यानं केळी दोन दिवसांत काळी पडतात. कच्चे चिकू किंवा पपई पिकवायची असेल तर मात्र मुद्दाम शेजारी ठेवा.

बिया मिक्सरात जाऊ देऊ नका, ज्यूस करताना लोक अख्खं फळ टाकतात. एखादी गिळली तर काही होत नाही, पण दळलेल्या बियांतून सायनाइड तयार होतं आणि वर कडू लागतं.

यॉर्कशायरची_कोल्हापूरकरीण

शंकरपाळी इथल्या भारतीय दुकानात मिळतात. ओव्हनमध्ये सफरचंदावर घालून भाजल्या. लोणी वेगळं घातलंच नाही. शेजारच्या आजींनी रेसिपी मागितली, मी सांगितलं आधी दिवाळी करा.

मामंजींची_सून

पेटीतली उरलेली पाच-सहा किलो असतील त्यांचा मोरंबा करता येईल का? पाक किती तारी? सालीसकट की साल काढून?

गूळवेडी

साल काढून, आणि काढलेल्या साली पुरचुंडीत बांधून पाकातच उकळायला टाकायच्या, पेक्टिन तिथं जास्त असतं, मोरंबा छान धरतो. तारेचं मात्र या धाग्यात नको, त्यावर इथं दोन घरं भांडतील. मोरंब्याचा वेगळा धागा काढा, मी येतेच.